सेनाधिकारी झाले सावकार

सन १७९८ ते १८०१ या काळांत जनरल विल्यम पामर हे पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचे रेसिडेंट होते. फैज बक्ष या मुसलमान बेगमेच्या पोटीं जन्मलेले त्यांचे पुत्रहि विल्यमच. पण आई हिंदी असलेल्यांना कंपनीच्या फौजेंत अधिकारपद नाकारण्याचा निर्बंध तेव्हां लागू झालेला होता. म्हणून हे धाकटे पामर निजामाच्या लष्करांत शिरले, आणि ती चाकरी सोडून १८१४ सालीं त्यांनीं हैदराबादेंत पेढी उघडली.

निजामाचे पेशकार चंदूलाल यांना रोख पैक्याची सदैव निकड. औरंगाबाद व वऱ्हाडकडील फौजांचे पगार पेढीनें भागवावे आणि मोबदल्यांत महसुलावर वराता घ्याव्या, असे व्यवहार ठरले. व्याज शेकडा चोविसाच्या आसपास! तें अखेर रयतेच्याच कणगींतून निघावयाचें.

संस्थानिकांस कर्ज देण्याची इंग्रजांना कायद्यानें मनाई होती. तरी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांनीं १८१६ सालीं मुभा दिली. पेढीचे भागीदार सर विल्यम रंबोल्ड हे हेस्टिंग्ज यांच्या पालनाखालील मुलीचे यजमान, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या औदार्याचा उलगडा होतो. १८२० सालीं ६० लाखांचें कर्ज ठरलें. नवे रेसिडेंट मेटकाफ यांनीं त्यावर कडक हरकत घेतली. १८२३ सालीं कंपनीनें पैसा पुरवून पेढीचें देणें फेडविलें; त्यापायीं उत्तर सरकार प्रांताबद्दल मिळणारी सालीना ७ लाखांची पेशकश निजामास कायमची सोडावी लागली.

पुढच्याच वर्षीं पेढीचें दिवाळें वाजलें. पामर हैदराबादेंतच राहिले, आणि १८६७ सालीं तेथेंच वारले.