गुसलखान्यातील वीज : काटकसर कुठे करू नये

कापडाच्या धंद्यात ताका हातात आला की आम्ही आधी पोत पाहतो, काठ पाहतो, मापात मार आहे का ते पाहतो. पण स्वतःचे घर बांधताना भिंतीच्या आत जी तार गेली ती आम्ही पाहिली नाही. त्याची किंमत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मोजावी लागली. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडत आहोत, कारण चूक हिशेबाचीच होती.

२००६ साली मालेगावात आम्ही घर बांधले. वायरिंगच्या अंदाजपत्रकात अर्थिंगचा खड्डा आणि तांब्याची तार यांचे साडेतीन हजार रुपये लावले होते. आम्ही घासाघीस केली. वायरमन म्हणाला, "सेठ, खड्डा नको असेल तर अर्थिंग पाण्याच्या पाइपाला जोडून देतो." आम्हाला वाटले, सौदा जिंकला.

२०१७ साली गंजलेले लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले. गुसलखान्याच्या भिंतीतला लोखंडी तुकडा आणि पितळी नळ मात्र तसेच राहिले. २०१९ च्या डिसेंबरात अम्मी फजरच्या वजूसाठी उठल्या. गिझर तापला होता. घरात सर्वांना बजावलेले होते, त्याप्रमाणे त्यांनी आधी स्विच बंद केला आणि मग नळाला हात लावला. झटक्याने त्या मागे पडल्या. अल्लाहच्या कृपेने नळ हातातून सुटला, खांद्याचे हाड मोडण्यावर निभावले. दवाखान्यात त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "स्विच तर मी बंद केला होता."

तीन चुका

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आणून तपासणी केली. पहिली चूक अशी निघाली की स्विच फेजच्या तारेत नसून न्यूट्रलच्या तारेत बसवला होता. अशा स्विचने गिझर बंद होतो, पण त्यातली वीज जात नाही. कॉइल जिवंतच राहते. अम्मींचे म्हणणे खरे होते.

दुसरी चूक अर्थिंगची. कॉइलला चीर जाऊन वीज गिझरच्या टाकीत उतरली होती. ती अर्थच्या तारेने जमिनीत जायला हवी होती. पण प्लॅस्टिकच्या पाइपामुळे जमिनीची वाट बंद झाली होती आणि ती तार सरळ नळाकडे जात होती. जी तार जीव वाचवायला टाकली तिनेच वीज नळापर्यंत पोहोचवली.

तिसरी चूक स्विचच्या जागेची. तो आत, नळापासून हातभर अंतरावर होता. आम्ही धावत गेलो तेव्हा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिल्याशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. शेवटी खाली जाऊन मेन स्विच पाडावा लागला.

एम.सी.बी. असून का पडली नाही?

हा प्रश्न अनेकांनी विचारला. १६ अँपिअरची एम.सी.बी. तारेच्या रक्षणासाठी असते, माणसाच्या नव्हे. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज थोडा वेळ जरी वाहिली तरी हृदयाची लय बिघडू शकते. १६ अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशे पटीहून अधिक. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमपर्यंत उतरला तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर वाहते. तेवढ्याने माणूस जाईल, पण एम.सी.बी. हलणार नाही.

माणसासाठी वेगळे उपकरण असते, ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत आली नाही, म्हणजे ती कुठेतरी गळते आहे, हे ओळखून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वारंवार पडते म्हणून ते काढून टाकू नये. घरात गळती आहे हेच ते सांगत असते.

स्विच कुठे असावा?

आंतरराष्ट्रीय नियमांत शॉवरची जागा सव्वादोन मीटर उंचीपर्यंत आणि तिच्यापुढे आणखी ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, हा पाण्याचा टापू मानतात. तिथे साधा स्विच किंवा प्लग चालत नाही. आपल्याकडे चार फूट बाय सहा फुटांच्या गुसलखान्यात कोरडा कोपरा उरतोच कुठे? म्हणून सरळ नियम असा धरावा की दिवा, पंखा, गिझर, सर्वांचे स्विच दरवाजाबाहेर. आपल्या घरांत दिवसातून पाच वेळा वजू होते आणि माणूस ओल्या हातानेच बाहेर येतो. तेव्हा बाहेर स्विचजवळ रुमाल टांगलेला असावा.

गिझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, लाल दिव्याचा २० अँपिअरचा डबल पोल स्विच लावावा. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा. त्याला बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची तार हवी, ती अडीच चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. तीन किलोवॅटला चार घ्यावी. तारेवर आणि स्विचवर आय.एस.आय.चे चिन्ह पाहूनच पैसे मोजावेत. प्लगची जाड, लांब पिन अर्थची असते. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटात बसवण्याची सवय सोडावी. बादलीत रॉड टाकणाऱ्यांनी स्विच बंद करून प्लग उपसल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

आणि पाइप बदलताना प्लंबरबरोबर वायरमनलाही बोलवावे. आमच्या घरी दोघे एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

कोणाला झटका बसलाच तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा.

आता आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे, आर.सी.सी.बी. आहे, स्विच बाहेर आहे. सारा खर्च अम्मींच्या दवाखान्याच्या बिलाच्या निम्मासुद्धा आला नाही. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आम्ही इतरांना सांगत होतो, स्वतः विसरलो होतो. अम्मी आजही नळाला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबतात. वाचकांनी हिवाळा सुरू होण्यापूर्वी टेस्टरवाला जाणकार वायरमन एकदा घरी बोलवावा आणि गुसलखान्याचा स्विच बंद असताना वीज खरोखर तुटते का, एवढे तरी तपासून घ्यावे.