शालेय जीवन व कुमारवयीन व्यसनाधीनता

कुमारावस्थेत तंबाखू, मद्य, गांजा इ. मादक पदार्थांचे सेवन सुरू होण्यास घर व समवयस्कांची संगत यांप्रमाणेच शाळेतील अनुभवही कारणीभूत ठरतात. येथे अभ्यासक्रमापेक्षा विद्यार्थ्याला शाळेत मिळणारी वागणूक अधिक महत्त्वाची असते.

समाजसंस्थांशी असलेले बंध सैल झाले, की व्यक्ती नियमबाह्य वर्तनाकडे वळते, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रतिपादन केले. शिक्षकांविषयीची ओढ हा अशा बंधांपैकीच एक. अमेरिकेतील सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहणीवरील १९९७ च्या निबंधात, शाळेविषयी आपलेपणा वाटणाऱ्या मुलामुलींत धूम्रपान, मद्यपान व गांजासेवन कमी आढळले. यावरून कार्यकारणभाव मात्र सरळ सिद्ध होत नाही. व्यसन जडलेला विद्यार्थीही शाळेपासून दुरावतो. वारंवार नापास होणारा, चारचौघांत अपमानित झालेला मुलगा आपल्यासारख्यांच्याच घोळक्यात जातो व तेथे तंबाखूची पुडी ही बरोबरीची खूण ठरते. अशा मुलास शाळेतून काढून टाकल्यास उरलेला बंधही तुटतो.

प्रतिबंधक उपायांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लॉस अँजेल्स येथे १९८३ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांनी वर्गात पाठ देण्याची योजना सुरू झाली व ती देशभर पसरली. परंतु प्रत्यक्ष सेवनावर तिचा परिणाम अत्यल्प असल्याचे १९९० नंतरच्या मूल्यमापनांत दिसून आले. याउलट बॉल्टिमोर येथे १९८५ च्या सुमारास पहिली-दुसरीच्या वर्गांत मुलांचे गट पाडून शिस्तबद्ध वर्तनाबद्दल गटाला बक्षीस देणारा एक खेळ योजण्यात आला. त्यात मादक पदार्थांचा उल्लेखही नव्हता. तरीही पुढे तारुण्यात, विशेषतः लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांत, व्यसनाधीनता कमी आढळली.

भारतात २००३ च्या कायद्यान्वये शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत, तसेच १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. बालकास मादक पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे निर्बंध शाळेबाहेरील दुकानाला लागू पडतात, वर्गातील वागणुकीला नव्हे. महाराष्ट्रात दातांना मिश्री लावण्याच्या प्रथेमुळे अनेक मुलांची तंबाखूशी ओळख घरीच होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. शिवाय वर्गात बसवून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांत शाळा सोडलेली मुले येत नाहीत. त्यामुळे शाळेशी ज्यांचा संबंध सर्वांत आधी तुटला, त्यांचीच नोंद अशा पाहण्यांतून निसटते.