तिसरी ट्रायल

आमच्या बचत गटाची कांदा-लसूण चटणी दुकानांत पोहोचवायला आम्ही एक जुना छोटा टेम्पो घेतला. चालवणार कोण? गटातल्या सगळ्यात धीट बाईने हात वर केला. लर्निंग लायसन्स निघालं. पण पक्क्या लायसन्सच्या ट्रायलला रिव्हर्स घेताना गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळीही तेच. नवरा म्हणाला, "आता बास की! ड्रायव्हर ठेवा." ती माझ्याकडे आली तेव्हा डोळे भरलेले होते. "ताई, मला न्हाई जमायचं."

मी चहा टाकला आणि तिला जिओव्हाना अमातीची गोष्ट सांगितली.

इटलीतल्या रोमची ही मुलगी. वडिलांची सिनेमागृहं होती. १९७८ मध्ये, अठराव्या वर्षी, खंडणीसाठी तिला पळवून नेलं. ७५ दिवस ती कैदेत होती. एवढं भोगल्यावर आपल्याकडे तिला उंबरा ओलांडू दिला नसता! ही पुढे शर्यतीच्या गाड्या चालवू लागली. १९९२ मध्ये ब्रॅभम या संघाने तिला फॉर्म्युला वनमध्ये घेतलं.

तिथे शर्यतीआधी वेळ मोजून चाचणी होते. त्या वर्षी सर्वांत वेगवान २६ गाड्यांनाच शर्यतीत जागा मिळायची. दक्षिण आफ्रिका, मेक्सिको, ब्राझील, तिन्ही ठिकाणी ती चाचणीतच मागे पडली. मग तिला काढलं आणि डेमन हिलला घेतलं. फॉर्म्युला वनमधली तिची कारकीर्द तेवढीच.

खरं सांगायचं तर ती संघातल्या जोडीदारापेक्षा बरीच मागे होती, उगाच बाजू घेत नाही. पण गाडीही रडतखडत चालणारी, संघाकडे पैसा नाही. हिल त्याच संघाकडून आठ वेळा उतरला आणि दोनदाच शर्यतीत पोहोचला. पहिल्या पाच चाचण्यांत तोही नापास! तोच हिल १९९६ मध्ये जगज्जेता झाला. जिओव्हानाला चौथी चाचणी मिळालीच नाही. तिच्यानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरण्याचा प्रयत्न करायलाही दुसरी बाई मिळालेली नाही.

"मग ताई, मी बी सोडू?" तिने विचारलं. गोष्ट चुकीची निवडली की काय, असं मला वाटून गेलं.

तेव्हा पुण्याच्या डायना पंडोले आठवल्या. पूर्वी शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका उपक्रमातून त्या रेसिंगमध्ये आल्या आणि २०२४ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने धावून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. असं जिंकणारी ही पहिली भारतीय महिला. मधली सहा वर्षं कुणी "बास" म्हटलं असतं तर? कोल्हापूरला हा खेळ नवा नाही. इथल्या मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. मुलींची नावं मात्र आठवावी लागतात.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दोन पोरं? माझी तर तीन हायत."

तिसरी ट्रायल येत्या गुरुवारी आहे. रोज सकाळी सहाला मी तिच्या शेजारी बसते. क्लच अजून झटक्यात सोडते ती. काल मात्र रिव्हर्स घेताना गाडी एकदाही बंद पडली नाही.