वचन आणि व्यवहार (लेखांक ७) : कर्जाचं नाव कुठे घ्यायचं?

अकोला-अमरावतीकडच्या मंडळ्यांत आठवड्याच्या प्रार्थनासभेला विषय मागितले जातात, तेव्हा काय काय येतं ते आठवून पाहा. गुडघेदुखी, नातवाची बारावी, मुलीचं स्थळ, पुण्याला गेलेल्या पोराची नोकरी. सोयाबीन पावसात भिजून काळं पडलंय, कपाशीत बोंडअळी आहे, कृषी केंद्राची उधारी थकलीय, मायक्रोफायनान्सवाला दर आठवड्याला दारात येऊन बसतो, हे बाकावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. पण त्यातलं काहीच विषय म्हणून उच्चारलं जात नाही. फार तर कुणी ‘घरची अडचण आहे’ एवढं पुटपुटतं. शेतकऱ्याचंच असं आहे असं नाही. खासगी शाळेतला मास्तर, कंत्राटी नर्स, ऑटो चालवणारा भाऊ यांचंही दागिन्यांवर काढलेलं कर्ज असतं आणि तेही मुकंच राहतं.

कारण लाज. साक्ष द्यायला उभा राहतो तो कर्जातून सुटलेला माणूस. बुडत असलेला मागच्या बाकावर बसतो. विश्वास पक्का असता तर ही वेळ आली नसती, असं त्याला वाटतं. आपणही नकळत तसंच सुचवतो. कुणी चुकून बोललाच, तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं काळजी न करण्याचं वचन त्याच्या हाती ठेवतो. ते वचन खरं आहे. पण ज्यानं अजून तोंड उघडलेलं नाही, त्याला ते घाईनं दिलं की त्याचं तोंड कायमचं मिटतं.

पवित्र शास्त्र स्वतः इतकं संकोची नाही. २ राजे, अध्याय ४ उघडा. एक विधवा अलीशापुढे ओरडत येते: नवरा गेला, आणि सावकार दोन्ही मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलाय. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या मंडळातला होता, देवाला भिऊन वागणारा होता. हे ती स्वतः सांगते आणि अलीशा ते नाकारत नाही. देवभीरू माणूस कर्ज मागे ठेवून मेला, आणि त्याबद्दल त्याच्या विश्वासावर एका शब्दाचाही ठपका नाही. अलीशा विचारतो ते एवढंच: मी तुझ्यासाठी काय करू, आणि घरात काय आहे? घरात एक तेलाची बुधली असते. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला पाठवतो. म्हणजे चमत्कार होण्याआधी तिची अडचण आळीभर कळलेली आहे.

नहेम्याचा पाचवा अध्याय तर वऱ्हाडातल्या प्रत्येक मंडळीत दरवर्षी वाचला जावा असं मला फार वाटतं. यरुशलेमचा कोट बांधायचं काम चालू आहे, शत्रू टपलेला आहे, आणि मध्येच लोक आक्रोश करतात. त्यांच्या बायकाही करतात, हे शास्त्र मुद्दाम नोंदवतं. तक्रारी ओळखीच्या आहेत. खाणारी तोंडं जास्त आणि धान्य नाही. दुष्काळात शेतं, मळे, घरं गहाण पडली. राजाचा कर भरायला कर्ज काढलं. पोटच्या पोरी गुलामीत गेल्या. नहेम्या त्यांना ‘आधी कोट पुरा होऊ द्या’ म्हणत नाही. त्याला संताप येतो. तो मनाशी विचार करतो, प्रतिष्ठितांना तोंडावर सुनावतो, मोठी सभा बोलावतो. आपण आणि आपल्या भाऊबंदांनीही पैसा आणि धान्य उसनं दिलंय हे तो कबूल करतो. आणि सांगतो: शेतं, मळे, घरं आजच परत करा, आणि घेतलेला शंभरावा हिस्साही.

हा शंभरावा हिस्सा बहुतेक अभ्यासक महिन्याचा धरतात. आपल्या गावच्या भाषेत शेकडा एक, म्हणजे वर्षाला १२ टक्के. आपल्याकडे गावोगाव शेकडा तीन, शेकडा पाच चालतं. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कलम १८ खाली, बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. किती पाळकांना हे माहीत आहे? प्रार्थनेनंतर अर्ज लिहायला सोबत बसणं हीही सेवाच आहे. चर्चच्या छताचा फंड जमवताना ज्याच्याकडून वर्गणी घेतो, त्याचं शेत गहाण आहे का, हेही पंचांनी विचारायला हवं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरची अडचण झाकत नाहीत, म्हणूनच मला जवळची वाटतात. १९३४ पासून ती छापून येऊ लागली, तोवर त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती समाजात पूज्य झाले होते. तरी त्यांच्या हाती पैसा कसा टिकत नसे, घरात चणचण कशी असे, त्यावरून दोघांत खटके कसे उडत, हे त्या मोकळेपणी सांगतात. त्यानं टिळकांचा विश्वास कुठे उणा दिसत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्यात. घरातलं माणूस झोपेनासं झालं, जेवेनासं झालं, ‘माझ्यामागं तुमचं कसं होईल’ असं बोलू लागलं, तर फक्त उपास-प्रार्थना धरून बसू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात मत्तयाचा सहावा अध्याय घेऊ. तोवर नहेम्या ५ घरात मोठ्यानं वाचा, नवरा-बायको दोघांनी मिळून. आणि वाचून झालं की उधारीची वही मधे घेऊन बसा.