बेने इस्राएलांचा घरगुती धर्म

पूर्वीच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या किनारपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या तेलघाण्याचा पेशा केलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाजवळ दीर्घकाळ ना ‘तोरा’ या धर्मग्रंथाची पोथी होती, ना धर्माधिकारी. तथापि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत घाणा बंद ठेवण्याचा, आठव्या दिवशी पुत्राची सुंता करण्याचा, आणि ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारा ‘शेमा’ प्रत्येक मंगल व अमंगल प्रसंगी उच्चारण्याचा दस्तूर त्यांनी सोडला नाही, आणि शनिवारी घाणा बंद असे म्हणूनच शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथावाचून, केवळ घरच्या आचारावर धर्म टिकल्याचे इतके निर्मळ उदाहरण विरळाच.

मांस आणि दूध एकत्र न करण्याची तोराची आज्ञा कोकणात सुसाध्य झाली, कारण रश्श्याला तेथे नारळाचे दूध आयतेच उपलब्ध होते. खेकडे-कोळंबी मात्र कटाक्षाने वर्ज्य.

विवाहापूर्वी, नवस फेडताना वा गृहप्रवेशाच्या वेळी एलियाहू हन्नबी या प्रेषितांच्या स्मरणार्थ ‘मलिदा’ करतात: भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे व वेलची यांचे तबक फळांसह मांडून, झाडाच्या फळासाठी निराळा आणि भूमीतून उगवलेल्या अन्नासाठी निराळा असा आशीर्वचनांचा पाठ होतो, मगच प्रसाद वाटला जातो. अन्न ग्रहण करण्याआधी त्याचे उगमस्थान आठवण्याची ही यहुदी शिकवण मला विशेष वंदनीय वाटते. अलिबागनजीकच्या खंडाळे येथील खडकावर याच प्रेषितांच्या रथाची खूण असल्याची समाजाची श्रद्धा आहे.

घरच्या आचारावर धर्म टिकवलेल्या या समाजाचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर पुढे सॅम्युएल इझिकेल ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली स्थापन केले.