गाड्यांची उतरंड

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत गाडीवर गाडी रचणाऱ्या लिफ्टचे नावीन्य आता उरलेले नाही. जमीन वाढत नाही आणि गाड्या थांबत नाहीत, तेव्हा उंचीत जागा शोधणे ओघानेच आले. प्रश्न आहे तो कोणती लिफ्ट घ्यावी आणि तिचा भार कोणी सोसावा, हा.

सर्वांत सोपा प्रकार खांबांच्या आधारे एक पोलादी मंच वर उचलणारा. खड्डा लागत नाही, खर्चही बेताचा. परंतु वरची गाडी उतरवावयाची तर खालची आधी बाहेर काढली पाहिजे. एकाच घरच्या दोन गाड्या असतील तर हे निभते. दोन बिऱ्हाडांत मात्र एकाची कचेरी दुसऱ्याच्या झोपेवर अवलंबून राहते! हे परावलंबन टाळावयाचे तर खालचा मंच खड्ड्यात उतरविणारी लिफ्ट घ्यावी लागते. पण आपल्या पावसात खड्डा म्हणजे पाण्याला आवतणच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे ज्यांच्या स्मरणात आहे ते पाणी उपसण्याच्या पंपाविना असा खड्डा पत्करणार नाहीत. मंच आडवे-उभे सरकवून हवी ती गाडी खाली आणणारी यंत्रणा तिसरी. तीत सरकण्यापुरती जागा रिकामी ठेवावी लागते, आणि एक मोटार बिघडली की अनेकांचा खोळंबा होतो.

मापाचाही विचार हवा. साधी सेडान सुमारे दीड मीटर उंच. हल्लीच्या उंच बांध्याच्या गाड्या त्याहून वीस-तीस सेंटिमीटर अधिक. शिवाय बॅटरीवरील गाडी त्याच जातीच्या पेट्रोल गाडीपेक्षा सहसा जड. आजच्या गाडीच्या मापाने घेतलेली लिफ्ट उद्याच्या गाडीला पुरेलच असे नाही.

खरी गोम मात्र निराळीच आहे. नव्या इमारतीत लिफ्ट निवडतो बांधकाम व्यावसायिक, आणि वापरतात रहिवासी. पहिल्याचे लक्ष खरेदीच्या किमतीवर. तेल, साखळ्या, वीज आणि वार्षिक देखभालीचे कंत्राट यांची बिले दुसऱ्याच्या नावे. इमारतीखालची मोकळी जागा सदनिकेहून वेगळी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला. महारेराने २०२४ मध्ये पार्किंगच्या जागेची लांबी, रुंदी, उंची करारात नमूद करण्यास सांगितले. ग्राहकाच्या हाती एवढे तरी आले. पण यंत्राचा दर्जा मापांत मावत नाही. तेलाचा दाब गेला तर मंच अडवून धरणारा यांत्रिक अडसर आहे काय, वीज गेल्यावर वरची गाडी खाली कशी येते, हे ताबा घेण्यापूर्वी प्रत्यक्ष करून दाखवावयास सांगणे मुळीच गैर नाही.

आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तो? स्कूटरवर नोकरी काढलेला निवृत्त कारकून लिफ्टच्या दुरुस्तीचा हिस्सा मासिक देखभाल शुल्कातून मुकाट्याने भरतो, ही गाडीवाल्यांना मिळणारी सवलतच होय. फक्त ती कोणी सवलत म्हणून मांडत नाही. लिफ्टचा हिशेब वेगळा ठेवून तो वापरणाऱ्यांत वाटावा, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आणता येतो. तेथे हात कोणाचे जास्त वर होतात, हे गाडीवाल्यांच्या संख्येवर ठरेल.