अर्भकाशी बोलण्याची वाक्ये आणि दूरस्थ पालक-मार्गदर्शन

वर्षभराचे मूल हट्टाने रडते, चावते, हाती येईल ते भिरकावते, यात वावगे असे काही नाही. परंतु काही अर्भकांत या वर्तनाचे प्रमाण इतके वाढलेले असते, की ते वयाबरोबर आपोआप ओसरेल असे गृहीत धरता येत नाही. अशा अर्भकांच्या पालकांना दुरून मार्गदर्शन करण्याची जी पद्धती अमेरिकेत विकसित होत आहे, ती मानसशास्त्राच्या कक्षेतील असली तरी भाषेच्या अभ्यासकानेही तिची दखल घेणे अगत्याचे आहे; कारण तिचे मुख्य साधन औषध नसून वाक्य हे आहे.

शीला आयबर्ग यांनी १९७० नंतरच्या दशकात सिद्ध केलेला ‘पालक-बालक आंतरक्रिया उपचार’ हे या पद्धतीचे मूळ होय. पालक मुलाशी खेळत असतो आणि मार्गदर्शक एकतर्फी काचेमागून पाहत, पालकाच्या कानातील इअरफोनमध्ये सूचना देत असतो. पहिल्या टप्प्यात खेळाचे नेतृत्व मुलाकडे असते. मुलाच्या कृतीचे वर्णन, त्याच्या उच्चाराचा पुनरुच्चार आणि नेमक्या कृतीची प्रशंसा हे तीन वाक्यप्रकार येथे विहित. प्रश्न, आज्ञा आणि टीका हे तीन वर्ज्य. पाच मिनिटांच्या निरीक्षणात प्रत्येक विहित प्रकाराची १० वाक्ये यावीत, वर्ज्य प्रकारांची मिळून ३ हून अधिक येऊ नयेत, असा दंडक आहे. प्रश्न आणि आज्ञा मुलाकडे काहीतरी मागतात. वर्णन आणि पुनरुच्चार काही न मागता त्याच्या लक्षामागून जातात. निरुपद्रवी हट्टाकडे त्या वेळी दुर्लक्ष केले जाते. अशा रीतीने पालकाचे लक्ष इष्ट वर्तनाच्या वाट्याला येते.

मायामी येथील डॅनिएल बॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार अर्भकांसाठी बेतून घेतला. त्यात शब्दांच्या प्रशंसेला टाळ्यांची जोड दिली आणि अस्फुट उच्चारांच्या पुनरुक्तीवर भर दिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सरासरी साडेतेरा महिन्यांची ६० अर्भके होती. घरी जाऊन पालकांना मार्गदर्शन केले गेले. त्यांपैकी अनेक कुटुंबांची भाषा स्पॅनिश होती. सहा महिन्यांनंतर, मार्गदर्शन लाभलेल्या कुटुंबांतील मुलांचे एकूण उच्चार आणि भिन्न उच्चार, दोन्ही इतरांहून अधिक आढळले. वर्तनातील सुधारणा आधी आणि भाषेची वाढ तिच्या मागोमाग, असा क्रमही त्यात दिसून आला.

दूरस्थ पद्धतीत काचेची जागा कॅमेरा घेतो आणि सूचना इंटरनेटवरून कानात येते. जोनाथन कोमर व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या ४० मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात दूरस्थ गटातील सुधारणा दवाखान्यातील गटाच्या तोडीची ठरली आणि पालकांना अडचणीही कमी जाणवल्या. अर्थात या वयाचे निष्कर्ष अर्भकांना जसेच्या तसे लागू करणे सयुक्तिक नव्हे. तथापि एक लाभ उघड आहे: परका माणूस खोलीत नसल्याने घरातील बोलणे बरेचसे स्वाभाविक राहते. निरीक्षकाच्या उपस्थितीने भाषा बदलते, ही भाषाशास्त्रातील जुनी अडचण येथे काही अंशी दूर होते.

मराठीच्या दृष्टीने खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली. त्या सहांत स्पॅनिशप्रमाणे मराठीही होती, आणि त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बालबोलीवरील स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध झाला. बाळाशी बोलण्याची रीत सार्वत्रिक असली तरी तिची साधने भाषेगणिक वेगळी असतात, हे त्यावरून ध्यानी येते. ‘कसं बसलंय बाळ!’ यात प्रश्नवाचक शब्द असूनही ती प्रशंसा आहे. ‘चेंडू लाल आहे ना?’ यात तसा शब्द नसूनही ती होकाराची मागणी आहे. ‘टाटा कर’, ‘टाळी दे’, ‘मामा म्हण’ हे आपले लाडके खेळ तर सर्व आज्ञार्थीच! उलट, ‘बाळ मंमं खातंय’ असे समोरच्या मुलाविषयी तृतीय पुरुषात बोलण्याची आपली लकब विहित वर्णनाचा तयार नमुनाच आहे. म्हणून वाक्यांची गणना रूपावरून न करता हेतूवरून आणि सुरावरून करावी लागेल, आणि कानात बोलणाऱ्याला ती भाषा घरची असावी लागेल.

पाच मिनिटे आज्ञा थांबवायच्या म्हणजे लाड थांबवायचे नव्हेत, हे मराठी आजीला इंग्रजी कोष्टकाच्या आधारे पटवून देता येणार नाही. तंत्राने मैलांचे अंतर मिटविले आहे. भाषेचे अंतर मिटविण्याचे काम त्या त्या भाषेच्या अभ्यासकाकडेच राहते.